सणाचा शिधा

२०२५ च्या जुलै महिन्यात, मोहरमच्या दिवसांत, आमच्या कन्येचा स्टुटगार्टहून दूरध्वनी आला. नोकरीनिमित्त ती तेथे एकटीच राहते. शेजारच्या तुर्की बाईंनी तिच्या दारी वाटीभर खीर आणून दिली होती. गहू, हरभरे, घेवड्याचे दाणे, सुके अंजीर, जर्दाळू, मनुका आणि वरून डाळिंबाचे दाणे असा तो पदार्थ. त्याला ‘आशुरे’ म्हणतात. मोहरमच्या दशमीच्या सुमारास तो मोठ्या पातेल्यात शिजवून शेजारीपाजारी वाटावा, अशी तुर्की लोकांची जुनी रीत आहे. कन्येचा प्रश्न साधाच होता. “बाबा, वाटी रिकामी कशी परत करू? काय घालून देऊ?”

उत्तर देण्याऐवजी आम्ही उलट विचारले, “तू ती खीर खाल्लीस का?”

तिकडून काही क्षण शब्द आला नाही. आमच्या प्रश्नाचे मूळ कोठे आहे हे तिला ठाऊक होते. ते वीस वर्षांपूर्वीच्या एका डब्यात आहे. त्या डब्याची हकीकत आजवर आम्ही चारचौघांत सांगितलेली नाही. आपल्या मंडळाच्या या पत्रिकेचे वाचक बहुतांशी आमच्यासारखेच, पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात वा सीमेवर राहिलेल्या मराठी घराण्यांतील आहेत. त्यांच्यापुढे ती ठेवावी आणि तिच्या आधाराने एका प्रश्नाचा विचार करावा, असे योजिले आहे. आप्तांपासून दूर राहणाऱ्याने सण साजरा करावा तो कोणाबरोबर? आणि परधर्मी शेजाऱ्याचा सण आपल्या दारी आला, तर आपण त्याचे काय देणे लागतो?

आमचे गाव खटकचिंचोळी, बिदर जिल्ह्यातील भालकी तालुक्यातले. घरात मराठी, कचेरीत व शाळेत कन्नड, बाजारात दखनी, असा तिन्ही भाषांचा वावर लहानपणापासून अंगवळणी पडलेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे गेले, जहिराबाद, नारायणखेड दुसरीकडे, आणि भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. सोयरीक मात्र राज्याची हद्द पाहून होत नाही. त्यामुळे आमच्या पिढीच्या कित्येक घरांत मामा एका राज्यात, आत्या दुसऱ्या राज्यात अशी स्थिती झाली. सणाला सगळे आप्त एकत्र येणे ही गोष्ट आम्हांस तेव्हापासूनच दुर्मिळ. तरीही गावात सण सुने गेल्याचे आम्हांस आठवत नाही.

याचे कारण गावच्या सणांच्या घडणीत होते. आमच्याकडील येळवस घ्या. लातूर, धाराशिवपासून बिदर, कलबुर्गीपर्यंत मार्गशीर्षातील अमावास्येला हा सण होतो. कडब्याची कोप उभारावी, तीत पाच पांडव मांडावे, पूजा करावी, ज्वारीच्या पिकात आंबील शिंपडावी, आणि मग भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर असे जेवण शेतातच व्हावे. या सणाचा एक अलिखित नियम आहे. ज्याला शेत नाही त्याने दुसऱ्याच्या शेतात जाऊन जेवायचे, आणि बांधावरून जाणाऱ्याला हाक मारल्यावाचून पुढे जाऊ द्यायचे नाही. आमच्या बांधालगतचे शेत एका मुसलमान कुटुंबाचे होते. त्यांच्या शेतातही कोप उभी राही आणि आम्ही मुले दोन्हीकडे आंबील पिऊन येत असू. तिला कोणी सर्वधर्मसमभाव म्हणत नसे. ती येळवस होती, एवढेच.

मोहरमचेही तसेच. पीर बसले की गावातील सर्व जातींचे लोक नवस फेडावयास येत. नवसाच्या मुलाला ‘फकीर’ करीत. गळ्यात रंगीत धागा, खांद्यावर झोळी अशा वेशात तो पाच घरे मागावयास निघे. आमच्या धाकट्या काकांना लहानपणी मोठे दुखणे झाले होते. आजीने त्यांची फकिरी बोलून ठेवली आणि ती पाच वर्षे फेडली. सोवळ्या-ओवळ्याच्या घरातला मुलगा मोहरमात झोळी घेऊन दारोदार मागत असे, आणि त्याला भिक्षा वाढताना मुसलमान बायांच्या डोळ्यांत पाणी येई. यातील एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती. आजीने पिराला काही दिले, असे आम्ही समजत होतो. वास्तविक त्या नवसात द्यावयाचे काहीच नव्हते. मागायचे आणि घ्यायचे होते.

गतकाळाचे चित्र गोड रंगात काढण्याचा मोह वयाबरोबर वाढतो, म्हणून येथे थांबून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमचा जिल्हा या बाबतीत निष्पाप नाही. मे १९४८ मध्ये याच जिल्ह्यातील गोरटा गावी रझाकारांनी कत्तल केली. त्याच वर्षी सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर जे अत्याचार झाले, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळले, असे पंडित सुंदरलाल समितीने नोंदविले. आमच्या बालपणीच्या मोहरमात नाचणाऱ्या आणि येळवशीला आंबील वाढणाऱ्या प्रौढ माणसांनी हे दोन्ही काळ पाहिलेले होते. ती माणसे त्याविषयी बोलत नसत. सणाला मात्र एकमेकांच्या दारी जात. तो विसर होता, की न बोलता केलेली डागडुजी होती, याचा निवाडा आम्हांस आजही करता येत नाही. एवढे खरे की सण हा त्यांच्यासाठी निव्वळ करमणुकीचा विषय नव्हता.

दोन्ही समाजांचे सण एकमेकांस भेटतात ते पंचांगाच्या गतीमुळे. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. आपले चांद्रवर्षही तेवढेच, परंतु आपण सुमारे तेहेतीस महिन्यांनी अधिक मास घालून ते ऋतूंशी बांधून ठेवतो. हिजरी गणनेत अधिक मास नाही. त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत सरकत सर्व ऋतूंतून फिरते आणि सुमारे तेहेतीस वर्षांनी पुन्हा मूळ जागी येते. १९७२ च्या दुष्काळात दिवाळी आणि रमजान ईद अशाच लागोपाठ आल्या. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. घरात धान्याची चणचण होती. करंज्या झाल्या त्या मोजून एकवीस, आणि त्यांतल्या पाच शेजारच्या मुसलमान घरी गेल्या. पुढे २००४ सालीही हे दोन सण असेच भेटले. त्या वेळी आम्ही गावापासून सातशेहून अधिक किलोमीटर दूर होतो.

महसूल खात्यातील नोकरीत बदली ही नित्याची. २००२ ते २००६ या काळात आम्ही हासन जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी होतो. तेथील कन्नड आमच्या कन्नडाहून निराळी. आमचे उच्चार ऐकून लोक विनयाने हसत. सणाला गावी जाणे म्हणजे जाता-येता चार दिवस, आणि दिवाळीत रजा मिळणे कठीण. पहिल्या दिवाळीला आमच्या सौभाग्यवतींनी फराळ केला आणि तो कोणाला द्यावा हे न कळून पातेली झाकून ठेवली. अशा वेळी शेजारच्या सरकारी घरात कलबुर्गीकडील एक मुसलमान कुटुंब राहावयास आले. गृहस्थ आमच्याच कार्यालयात. त्यांच्या वृद्ध आईंना सर्व जण अम्मा म्हणत. पहिल्याच दिवशी कुंपणापलीकडून त्यांचे “नक्को”, “हौ” कानी पडले आणि आमच्या मंडळींचे डोळे भरून आले. त्या परक्या गावात आमच्या मुलुखाची भाषा बोलणारे तेवढेच एक घर होते. मराठी नव्हे, पण माहेरची म्हणावी अशी.

दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जाऊ लागला. तो ते आवडीने खात. चिवड्याची कृती अम्मांनी दोनदा विचारून घेतली. ईदेच्या सकाळी त्यांच्याकडून स्टीलचा झाकणाचा डबा येई. त्यात शिरखुर्मा असे. आम्ही तो दोन्ही हातांनी घेत असू, ईद मुबारक म्हणत असू, आणि दार लावल्यावर तो डबा तसाच धुणेभांडी करणाऱ्या बाईंच्या स्वाधीन करीत असू. डबा मात्र आम्ही कधीही रिकामा परत केला नाही. त्यात लाडू तरी असत, नाहीतर साखर तरी. याचा आम्हांस अभिमानही होता.

आमचे घर शाकाहारी हे खरे. पण शिरखुर्म्यात शेवया, दूध, खारीक, साखर, चारोळी याखेरीज काय असते? अडचण पदार्थाची नव्हती. ती भांड्याची होती, आणि भांड्याचीही नव्हती, हाताची होती. हे आम्ही स्वतःशी कधी स्पष्ट बोललो नाही. पदवीधर माणूस, सरकारी अधिकारी, शांतता समितीच्या बैठकांत बंधुभावावर बोलणारा. अशा माणसाला हे स्वतःशी बोलणे परवडत नाही.

२००४ च्या नोव्हेंबरात लक्ष्मीपूजन आणि ईद एकाच आठवड्यात आल्या. ईदेच्या दुपारी आमची कन्या, तेव्हा आठ वर्षांची, कुंपणाशी खेळत होती. अम्मांनी तिला विचारले, खीर गोड झाली होती का? तिने सरळ सांगितले, “आमच्याकडे ती कोणी खात नाही. ती बाईंना देतात.” हे तिने आम्हांस संध्याकाळी तितक्याच सरळपणे सांगितले. त्या रात्री घरात कोणी फारसे जेवले नाही. दुसऱ्या दिवशी अम्मा नेहमीप्रमाणे बोलल्या. पुढे वर्षभर त्या विषयावर त्यांच्याकडून एक अक्षर निघाले नाही, आणि क्षमा मागण्याचे धैर्य आमच्याकडून झाले नाही.

२००५ च्या ईदेला डबा आला नाही. एक नवी कोरी पितळी परात आली. तिच्यात बारीक शेवया, खारका, चारोळी, पिस्ते, मनुका आणि साखर अशा पुड्या मांडलेल्या होत्या. अम्मा स्वतः घेऊन आल्या होत्या. आमच्या सौभाग्यवतींना त्या म्हणाल्या, “तुमारे बर्तन में, तुमारे हात से पका लेव, बेटी. दिल में कुछ नक्को रखो.” त्यांच्या माहेरच्या गावी ईदेला हिंदूंच्या घरी असाच कोरडा शिधा जात असे, हे त्यांनी मग सांगितले. जे शिजवलेले घेत नाहीत त्यांना कोरडे द्यावे, ही रीत त्यांना लहानपणापासून ठाऊक होती. आम्ही मात्र कधी सांगितले नव्हते, म्हणून त्या तीन वर्षे शिजवलेले पाठवीत राहिल्या. त्या दिवशी आमच्या चुलीवर शिरखुर्मा झाला. तो आम्ही खाल्ला, आणि परातीबरोबर पातेलेभर त्यांच्याकडेही नेला. अम्मांनी आमच्यासमोर बसून वाटीभर खाल्ला.

पुढच्या ईदेला निरोप धाडायचे आम्ही ठरविले होते, की यंदा शिधा नको, तुमच्याच हातचा डबा हवा. २००६ च्या जूनमध्ये आमची बदली झाली. ईद ऑक्टोबरात आली. त्यानंतरच्या हिवाळ्यात अम्मा गेल्याचे पत्र आले. त्यांच्या हातचा शिरखुर्मा आम्ही कधीच खाल्ला नाही.

ही हकीकत आम्ही अनेक वर्षे मनात घोळवीत आहोत, आणि तिच्यातून आम्हांस जे उमगले ते असे. दान कसे करावे हे दोन्ही परंपरांनी विस्ताराने सांगितले आहे. आपल्या पंचमहायज्ञांत अतिथीचा भाग आहे. इस्लाममध्ये ईदेच्या नमाजापूर्वी फित्रा द्यावा लागतो, आणि बकरी ईदेच्या कुर्बानीचे तीन वाटे करून एक घराला, एक आप्तेष्टांना व एक गरिबांना देण्याची रीत आहे. सणाच्या पोटातच दाराबाहेरच्या माणसाचा वाटा आहे, यावर दोघांचे एकमत दिसते. पण घेणाऱ्याने कसे घ्यावे, याविषयी आपण फार थोडा विचार करतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात भेटवस्तूंच्या व्यवहारात तीन बंधने सांगितली आहेत. देणे, घेणे आणि परत देणे. यांतील पहिले व तिसरे आम्ही काटेकोर पाळत होतो. दुसऱ्याचा आम्ही देखावा केला. दिल्याने माणूस मोठा होतो, परतफेडीने तो ऋणमुक्त होतो. घेण्यात मात्र त्याला क्षणभर लहान व्हावे लागते, समोरच्याच्या हातावर विश्वास टाकावा लागतो. आमच्याकडून तेवढेच झाले नाही. आजीने काकांच्या गळ्यात झोळी अडकवली, तेव्हा तिला हे आमच्याहून अधिक कळत होते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. ज्याचे व्रत आहे, नेम आहे, त्याने तो शेजारधर्मासाठी मोडावा काय? आमचे उत्तर, मुळीच नाही. शेजाऱ्याच्या सणातील सहभागाच्या आम्हांस तीन पायऱ्या दिसतात. उपस्थिती, अन्न आणि उपासना. यांपैकी उपासना ज्याची त्याची. ती कोणी कोणाकडून मागू नये आणि कोणी ओढूनताणून करूही नये. अन्नाच्या बाबतीत ज्याचा जो नेम असेल तो त्याने सांगावा. कित्येक मुसलमान स्नेही देवापुढील प्रसाद घेत नाहीत, पण ताटातील करंजी आनंदाने खातात. तसे ते स्पष्ट सांगतात, आणि त्यात आम्हांस कधी अपमान वाटला नाही. आमचे चुकले ते न खाण्यात नव्हे. खातो असे भासविण्यात चुकले. आम्ही पहिल्याच ईदेला हात जोडून म्हटले असते, “अम्मा, आमच्या घरी असा असा नेम आहे”, तर शिधा तीन वर्षे आधी आला असता. कदाचित सांगता सांगता त्या नेमाचा पोकळपणा आमचा आम्हांसच ऐकू आला असता. नेम उघड सांगावा लागला की तो खरा की निव्वळ सवयीचा, हे कळून येते. उपस्थितीला मात्र कोणताही नेम आड येत नाही. ती टाळणाऱ्याने निराळे कारण शोधावे.

घरांचे जे, तेच समाजाचे. बिदरजवळ अष्टूर येथे सुलतान अहमदशहा वली बहमनी यांचा मकबरा आहे. अनेक लिंगायत भाविक त्यांना अल्लमप्रभू म्हणून मानतात. त्यांचा उरूस हिंदू महिन्यांच्या गणनेने धरला जातो, आणि त्यासाठी कलबुर्गी जिल्ह्यातून जंगम आपल्या अनुयायांसह येतात. १४३६ साली निवर्तलेल्या सुलतानाच्या उरुसाने दुसऱ्याचे पंचांग घेतले, आणि जंगमाने दुसऱ्याच्या दर्ग्यातील मान घेतला. दोन्ही बाजूंनी घेणे आहे, म्हणूनच ते टिकले असावे. २०१८ साली गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे मशिदींत पिरांच्या पंजांसोबत गणपती बसले. २९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. महाराष्ट्रातील अनेक गावांत मुसलमान मंडळींनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरविले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्या, तेव्हा मुंबईत त्यांनी आपला जुलूस एक दिवस पुढे ढकलला, आणि राज्य शासनाने सुट्टीही २९ तारखेस नेली.

या बातम्या वाचून आपण सुखावतो, आणि ते योग्यच आहे. पण शांतता समितीच्या बैठका तीन दशके घेतलेल्या माणसाच्या मनात येथे एक शंका येते. त्या बैठकांत मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ यांवर पुष्कळ चर्चा होई, आणि सरतेशेवटी वेळ बदलण्याची विनंती बहुधा एकाच बाजूस केली जाई. संख्येने थोड्या असलेल्या बाजूस. ती बहुधा मान्यही होई, आणि आम्ही समाधानाने इतिवृत्तावर सही करीत असू. त्यांनी आपल्या सणाचा एक दिवस आपल्या हाती दिला, तो आपण घेतला. त्या भांड्यात आपण काय घालून परत केले? निदान तो दिवस आपण त्यांचा हक्क समजून मागितला, की कृपा म्हणून घेतला? भाड्याने घर देताना, रजा मंजूर करताना, मिरवणुकीचा आवाज दर्ग्यापाशी कमी करताना याची परतफेड होऊ शकते. तेथे आपला हात आखडत असेल, तर आपण आजही डबा घेऊन दार लावतोच आहोत.

आता आम्ही निवृत्त होऊन खटकचिंचोळीस परतलो आहोत. गावातील बहुतेक घरांतील मुले पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे आहेत. हिंदू घरांची तशी, मुसलमान घरांचीही तशीच. दिवाळीला आणि ईदेला दारात म्हातारी माणसेच बसलेली दिसतात. दूर गेलेल्याला आप्त भेटत नाहीत, आणि घरी राहिलेल्यालाही भेटत नाहीत. अशा वेळी सण टिकवायचा तर तो शेजाऱ्याच्याच आधाराने. गेल्या ईदेला पलीकडच्या गल्लीतील आमच्या वयाच्या एका गृहस्थांकडे आम्ही उभयता गेलो, बसलो, आणि त्यांच्या घरच्या वाटीत, त्यांच्या घरचा शिरखुर्मा खाल्ला. तो साठ-पासष्ट वर्षांच्या आयुष्यातील पहिला, हे आम्ही त्यांना सांगितले. ते हसले आणि दुसरी वाटी पुढे केली.

कन्येने त्या दिवशी दूरध्वनीवर थोड्या वेळाने उत्तर दिले, “खाल्ली, बाबा. उभ्या उभ्याच खाल्ली, आणि मग त्यांच्याकडे जाऊन आवडली म्हणून सांगून आले. आपल्याकडच्या गव्हाच्या खिरीसारखी लागते.” मग आम्ही तिच्या मूळ प्रश्नाकडे वळलो. आमच्या सौभाग्यवतींनी शेंगदाण्याचे लाडू सुचविले. आम्ही एवढेच म्हणालो, की त्यात काय आहे ते त्या बाईंना आधी सांग, त्यांच्याकडे काही चालत नसेल तर ते विचारून घे, आणि मगच वाटी दे.